भावोजींचे प्रत्यय

माझे भावोजी व्याकरणाचे मास्तर. घरातही मास्तरच; दुसरं काही होणं त्यांना जमलंच नाही. जेवताना कुणी नुसतं "मीठ" म्हटलं, तर ढिम्म हलायचे नाहीत. "मिठाला? मिठाने? मिठाचं काय?" वाक्य पुरं झाल्याशिवाय वाटी सरकायची नाही. 'च' आणि 'ही' यांच्यावर तर त्यांचा भारी जीव. "'तूच ये' म्हटलं की माणूस धावत येतो, 'तूही ये' म्हटलं की कपडे बदलून येतो," असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. माझी ताई कपाळाला हात लावायची. लेक मात्र बापावर गेली, तीही व्याकरणच शिकवते.

मग भावोजींच्या मेंदूत गुठळी झाली. हातपाय वाचले, शब्दही वाचले, पण शब्दांना चिकटणारं सगळं गेलं. 'ने', 'ला', 'च', 'ही', काहीच उरलं नाही. "मी... पाय... दुखणं," एवढं म्हणायचे आणि घाबरून आमच्या तोंडाकडे बघायचे. त्या नजरेची मला फार भीती वाटायची.

वाचा सुधारायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, त्यांना बोलतं ठेवा. लेकीने ते घरच्या पद्धतीने घेतलं. प्रत्यय लागल्याशिवाय उत्तर नाही.

"अगं, छळ आहे हा," मी म्हटलं.

"मावशी, लाड केलेस तर कायमचे मुके होतील ते."

तीही घाबरलेलीच होती.

त्या दुपारी आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होतो. भावोजी दारात आले. चेहरा पांढराफटक.

"आई," ते लेकीला म्हणाले. "आई... गॅस."

"आईने काय, बाबा? की आईला?"

"गॅस... आई!"

"सावकाश. आईने गॅस...?"

ते ओठ जुळवत होते. बिचारे खरोखरच प्रत्यय शोधत होते! मी लेकीला बाजूला ढकललं आणि धावले. स्वयंपाकघराच्या दाराशीच वास नाकात घुसला. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, खिडकी बंद, आणि ताई ओट्याखाली पडलेली. मी गॅसचं बटण बंद केलं आणि खिडकी उघडली.

ताई वाचली. आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. लेक बापाचे पाय धरून ढसाढसा रडली. "बाबा, कसंही बोला. मी काही विचारणार नाही."

भावोजी त्या दिवसापासून बोललेलेच नाहीत. काही सांगायचं असलं की येतात, समोरच्याचं मनगट करकचून धरतात आणि ओढत नेतात. काल मला असंच नेलं. जीव मुठीत धरून मी त्यांच्यामागे पळाले.

चष्मा पलंगाखाली गेला होता, एवढंच.