लेल्या रुम्यानाने उपटलेली वायर

लेल्या रुम्यानाने अर्धं आयुष्य कझानलाकच्या बसस्थानकावर तिकिटं फाडली. खिडकी बंद झाली तेव्हा बाकीच्या बायका गुलाबतेलाच्या कारखान्यात गेल्या, ही संध्याकाळच्या वर्गाला जाऊन प्रोग्रॅमिंग शिकली. लेल्या म्हणजे मावशी. ऑफिसात सगळे तिला तसंच म्हणतात. आता त्याच स्थानकाच्या तिकिटांची वेबसाइट ती चालवते आणि मी शेजारच्या टेबलावर बसून तिने आणलेली चीजची बनित्सा खातो. कागदोपत्री मी सहकारी आहे.

डोंगराकडून वारा सुटला की आमच्याकडे वीज जाते. परत आली की सर्व्हर आपोआप सुरू व्हायचा, पहिलं पान दिसायचं, पण तिकिटावर बोट ठेवलं की 'सापडलं नाही'. लेल्या येऊन स्वतःच्या हाताने सर्व्हर सुरू करायची, की सगळं सुरळीत. शेवटी संचालक हालाचेव यांनी सांगून टाकलं, की आता पुन्हा असं झालं तर काम राजधानीतल्या, सोफियाच्या कंपनीला, आणि लेल्याने घरी बसून मिरच्या भाजाव्यात.

"एक खिडकी गेली माझी," ती मला म्हणाली. "ही नाही जाऊ देणार."

तिकिटाची मागणी आली की सर्व्हर त्या कामाची फाइल शोधायला निघतो. शोधायच्या जागा ठरलेल्या असतात. त्यातली पहिली म्हणजे ज्या फोल्डरमध्ये उभं राहून त्याला सुरू केलं तो फोल्डर. तिथे नाही, पुढे कुठे नाही, तर तो हात वर करतो. लेल्याने तिकिटाची फाइल ओळ न् ओळ वाचून काढली. फाइलीत खोट नव्हतीच, तर सापडणार कशी?

एका दुपारी सूप पिता पिता तिने मलाच सर्व्हर सुरू करायला सांगितलं. मी बसल्या जागेवरून केला. 'सापडलं नाही'.

"काय केलंस?"

"काहीच नाही, लेल्या."

"ते रोजचंच. कुठल्या फोल्डरमधून केलंस ते सांग."

माझ्या गाण्यांच्या फोल्डरमधून, मी म्हणालो. तिने चमचा खाली ठेवला. ती स्वतः आधी तिकिटांच्या फोल्डरमध्ये शिरायची, मगच सर्व्हर सुरू करायची. खिडकीचं शटर उघडून मग खुर्चीत बसायची जुनी सवय. वीज आल्यावर मशीन मात्र सर्व्हर भलत्याच फोल्डरमधून सुरू करायचं. तिच्या शिस्तीनेच चूक झाकून ठेवली होती.

तिने सुरुवातीच्या सूचनांत तिकिटांच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिला: कुठूनही सुरू हो, आधी इथे बघ. मी म्हटलं, झालं, साहेबांना कळवून टाकू.

"कळवायचं नाही. दाखवायचं."

हालाचेव आले. मशीनची वायर उपटा, असं तिने त्यांना सांगितलं. ते म्हणाले, आत्ता लोक सोफियाच्या गाडीची तिकिटं काढताहेत.

"म्हणूनच आत्ता, साहेब."

त्यांचा हात उठेना, तेव्हा तिनेच उपटली. मशीनमधला पंखा थांबला. वायर परत खोचून ती खुर्चीत बसली, दोन्ही हात मांडीवर, कशालाही न लावता. मशीन घुरघुरलं. हालाचेवांनी आपल्या फोनवर प्लोव्दिवच्या तिकिटावर बोट ठेवलं.

पान उघडलं.

त्यांनी मान आडवी हलवली. आमच्याकडे तो होकार असतो. "काम तुमच्याकडेच राहू दे," एवढंच म्हणाले.

लेल्याने मग माझ्याकडे पाहिलं. "आळशा, तुझाही उपयोग झाला," म्हणाली, आणि बनित्साचा शेवटचा तुकडा हालाचेवांपुढे सरकवला.