मेन स्विचजवळचा आवाज

मी असल्या गोष्टींवर हसणारी बाई आहे. अमावस्येला नारळ उतरवून टाकणाऱ्यांना तोंडावर चिडवते. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय... पण भीती त्याहून मोठी आहे.

चिखलीत बाजार समितीच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सामायिक वर्कशॉप काढलं. ज्याला मशीन परवडत नाही त्याने यावं, आपली वस्तू बनवून न्यावी. सोबत शकीलभाई, पिढीजात सुतार. शेडमध्ये बाई मी एकटीच.

विमा उतरवायचा तर सुरक्षा हवी, म्हणून एक नियम केला – करवतीच्या मशीनमधला भुसा काढताना दुसऱ्याने मेन स्विच पाडून "बंद केलं" असं ओरडायचं, मगच आत हात घालायचा. लाईट गेलेली असली तरी. ती कधी येईल याचा काय नेम? मेन स्विच लाकडांच्या थप्पीआड आहे. माणूस दिसत नाही, फक्त ऐकू येतो.

विमा कंपनीचे सर्वेअर भर दुपारी आले. लाईट नव्हती. नियम करून दाखवायचा म्हणून शकीलभाई मशीनपाशी थांबले होते, स्विच मी येऊन पाडणार होते. आधी सर्वेअरना फाटकातून घेऊन आले. दारात पोचतो तोच आतून आवाज आला – "बंद केलं भाई, घाला हात."

"आत तुमची बहीण आहे का?" सर्वेअरनी विचारलं. "आवाज अगदी तुमचाच."

मला बहीण नाही. शकीलभाईंचा हात पात्याकडे चालला होता.

"भाई, मी इथं हाय!"

त्यांनी दारात मला पाहिलं आणि हात मागे ओढला. तेवढ्यात लाईट आली. पातं गरगरायला लागलं.

थप्पीमागे कोणी नव्हतं. स्विच चालूच होता.

"मले साफ आयकू आलं ताई," शकीलभाई म्हणाले. "तुमी तं दारात होत्या, मंग थे कोन होतं?"

विमा मिळाला. नियम आम्ही बदलला – ओरडायचं नाही, स्विचला कुलूप लावून किल्ली हातात आणून द्यायची.

गेल्या आठवड्यात शकीलभाई लग्नाला नांदुऱ्याला गेले होते. मी शेडमध्ये एकटी, लाईट गेलेली. मशीनजवळून जाताना थप्पीमागून त्यांचा आवाज आला. शांत, नेहमीचा.

"बंद केलं ताई, घाला हात."

मी चपलाही न घालता रस्त्यावर पळाले. हे काय आहे, मला आजही सांगता येत नाही. वर्कशॉप चालू आहे, त्यावर दोन घरं चालतात. पण शकीलभाईंनी मागून "ताई" म्हटलं, की वळून त्यांना बघेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.