ओळख न दाखवणारा चिंधू

मोहाडीचा माणूस मोहाडीत पीत नाही. आपल्या गावात प्यायलं तर चारचौघं बघतात, म्हणून तो वरठीला जातो. वरठीचा माणूस भंडाऱ्याला जातो आणि भंडाऱ्याचा कुठे जातो ते भंडाऱ्यालाच ठाऊक. परिणामी अर्धी मोहाडी संध्याकाळी वरठीच्या एकाच बारमध्ये येऊन बसते. या व्यवस्थेतली खोट आजवर कोणी काढलेली नाही.

त्या बारचं नाव चंद्रलोक. त्याचं पुढचं दार स्टेशनच्या रस्त्यावर आणि मागचं राइसमिलच्या बोळात. पुढच्या दारानं फक्त बर्फवाला येतो. गिऱ्हाइकं मोटरसायकली औषधाच्या दुकानासमोर लावतात आणि बोळातून आत शिरतात, त्यामुळे संध्याकाळी वरठीत रोगराई फार दिसते. आत प्लायवूडच्या केबिनी, प्रत्येक केबिनीला जाड पडदा, आणि उजेड एवढाच की घास नाकात न जाता तोंडात जावा.

चिंधू इथला सगळ्यांत जुना वेटर. अंगानं काडी, चालणं मांजराचं, आणि गुण एकच, पण लाखमोलाचा: तो कोणालाही ओळखत नसे. पडद्याखालून दिसणाऱ्या चपलांवरून आत कोण बसलंय हे त्याला कळे, पण तोंडावरची माशी हलत नसे. तो नाव कोणाचंच घेत नसे. त्याच्या लेखी कोणी ‘कमी बर्फ’, कोणी ‘जास्त शेंगदाणे’, कोणी ‘कोपरा’.

‘कोपरा’ म्हणजे मोहाडीचे भय्याजी. जुने धानवाले शेतकरी, भागवत सप्ताहाच्या कमिटीत पहिलं नाव त्यांचं. आणि मधल्या केबिनीतला ‘जास्त शेंगदाणे’ म्हणजे त्यांचाच मुलगा निकेश, कारखान्यात नोकरीला. बापासमोर मुलानं पिऊ नये आणि मुलासमोर बापानं, ही आपल्याकडची रीत. ती दोघांनीही वर्षानुवर्षं पाळली, एकाच छपराखाली. एक उठला की दुसऱ्याच्या पडद्यासमोर चिंधू पोछा घेऊन उभा राही आणि म्हणे, “फरशी ओली आहे, थोडं थांबा.” चंद्रलोकची फरशी ओली का असते, हे त्या दोघांना कधी कळलं नव्हतं.

या गुणाची किंमत चिंधू मोहाडीत मोजायचा, कारण राहायचा तो मोहाडीतच. बारमध्ये ज्यांना ओळखायचं नाही त्यांना बाजारात तरी कोणत्या तोंडानं ओळखणार? समोरून गिऱ्हाईक आलं की चिंधू रस्ता बदली, आणि गिऱ्हाईक त्याच्याआधी बदली. सगळं गाव त्याला ओळखे आणि कोणी रामराम करत नसे. लग्नाची पत्रिका नाही, बारशाचं बोलावणं नाही. पत्रिका द्यायची तर घरचे विचारणार, हा तुमच्या ओळखीचा कुठला?

बायको सुमनबाई म्हणायची, “तुमचा सोभावच खराब आहे. गावात कुत्रं पुसत नाई आपल्याले. मी काय गुन्हा केला?”

चिंधूला वाईट वाटायचं, फार वाटायचं. आपल्यापायी ही बाईसुद्धा एकटी पडली, हे त्याला दिसत होतं. पण सांगायचं तर गिऱ्हाइकांची नावं निघणार, आणि ते त्याच्या धर्मात बसत नव्हतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना डिंपलबाईंनी लक्ष घातलं. डिंपल म्हणजे मालक भुपेंद्रची बायको, माहेर नागपूरचं. ती पुण्याला बहिणीकडे गेली होती आणि तिथे तिनं छोट्या कारखान्यांची ताजी बिअर पाजणारी जागा पाहिली. लख्ख उजेड, एकच लांब टेबल, अनोळखी लोक मांडीला मांडी लावून बसलेले, आणि बिअरच्या नळावरचा माणूस प्रत्येकाला नावानं हाक मारतो.

“आणि आपल्याकडे?” ती भुपेंद्रला म्हणाली. “चोर आल्यासारखे येतात, चोरासारखे जातात. मी इथली मालकीण, अन् मलाच इथं बसायला जागा नाही.”

यात खोटं काही नव्हतं, त्यामुळे भुपेंद्रनं सुताराला बोलावलं.

पडदे उतरले. केबिनी निघाल्या. मधोमध लांब टेबल आलं आणि वर असे दिवे, की भिंतींचा मूळ रंग पहिल्यांदाच कळला. मागच्या दाराला कुलूप लागलं. नागपूरकडून बिअरची पिंपं आली आणि पुढच्या दाराशी पाटी लागली: दर महिन्याला नवी चव. या महिन्याची खास चव मोहफुलाची होती. आदल्या दिवशी बर्फवाल्याला घोटभर चाखायला दिली.

“मोहाचा वास नको म्हून लोक बिअर पेतात,” तो म्हणाला, “अन् तुमी बिअरमधी मोह टाकून राहिले.”

डिंपलनं तिकडे लक्ष दिलं नाही. तिनं चिंधूला नवा शर्ट दिला आणि काम सांगितलं. दाराशी उभं राहायचं, येईल त्याचं नाव घ्यायचं, हसायचं. “लोकांना आपलं घर वाटलं पाहिजे, चिंधूभाऊ. तुम्ही तर सगळ्यांना ओळखता.”

चिंधू म्हणाला, “बाई, लोकाईले घरच वाटाले लागलं, तर ते इथं कायले येतीन?”

पण मालकीण ती मालकीण. चिंधूनं घरी आरशासमोर हसायचा सराव केला. सुमनबाईनं विचारलं, “दात दुखून राहिले का?”

उद्घाटनाच्या संध्याकाळी गिऱ्हाइकं नेहमीप्रमाणे बोळात गेली. कुलूप पाहून मुकाट्यानं वळसा घालून पुढे आली आणि दिव्यांखाली डोळे मिचकावत उभी राहिली. सगळ्यांत पुढे भय्याजी.

“या भय्याजी, बसा,” चिंधू म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ते नाव मोठ्यानं घेतलं.

“मी पहिल्यांदाच येऊन राहिलो इथं,” भय्याजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि टेबलाशी बसले. मागून आलेले आणखी दहाबारा जण पहिल्यांदाच आले होते. लांब टेबलाशी मोहाडीची अख्खी प्रतिष्ठा रांगेनं बसली आणि छताकडे पाहू लागली.

एवढ्यात निकेश दारात आला.

चिंधूच्या हाताशी पोछा नव्हता. डिंपल नळाशी उभी राहून त्याच्याकडेच बघत होती. त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, “या निकेशभाऊ. शेंगदाणे जास्तच आणतो.”

नाव घेतलं तिथवर एक वेळ निभावलं असतं. शेंगदाणे सवयीनं तोंडून निघून गेले. भय्याजींनी मुलाकडे पाहिलं, मग चिंधूकडे. इतक्या वर्षांच्या ओल्या फरशीचा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जुळत गेला.

“काहून आला?” त्यांनी विचारलं.

“तुमाले घ्यायले आलो,” निकेश म्हणाला.

“चाल मंग.”

बापलेक उठून गेले. आता सगळ्यांनाच वाट सापडली. कशाला आलात, असं एकमेकांना विचारताच जो तो शेजारच्याला घ्यायला आलेला निघाला. मास्तर तलाठ्याला घेऊन गेले, व्याही व्याह्याला. थोड्याच वेळात टेबलाशी कोणी उरलं नाही. मोहफुलाची बिअर नळातून थेंबथेंब गळत होती. त्या दिवशी मोहाडीत इतके पुरुष शुद्धीत आणि वेळेवर घरी पोचले, की बायकांना घोर लागला.

डिंपल रडली नाही. आठवड्यानं तिनं मागचं कुलूप काढलं आणि आतल्या बाजूला पडदे परत लावले. लांब टेबल मात्र पुढच्या बाजूला तसंच ठेवलं, दिव्यांसकट. एकदा स्टेशनावरच्या दोन नोकरदार बाया पुढच्या दारानं आल्या, संत्र्याची बिअर प्यायल्या आणि पुढच्याच दारानं गेल्या. आम्ही कोणाला घ्यायला आलो असं काही म्हणाल्या नाहीत. डिंपल त्यांच्याशेजारी बसून होती.

चिंधूचं मात्र मन उडालं. एकच गुण होता, तोही गमावला. भय्याजी त्यानंतर आले नाहीत, निकेशही नाही. नोकरी सोडावी असं त्याच्या मनात येऊ लागलं.

बाजाराच्या दिवशी तो सुमनबाईबरोबर मोहाडीच्या बाजारात होता. मिरच्यांच्या ढिगापलीकडून भय्याजी आले, सोबत त्यांची बायको शकुनबाई. चिंधूनं लगेच पाठ फिरवली.

“रामराम, चिंधू.”

चिंधू वळला नाही. भय्याजींनी पुन्हा हाक दिली, या वेळी मिरचीवालीनंही वर पाहिलं. चिंधू जवळ जाऊन खालच्या आवाजात म्हणाला, “पुढं व्हा ना, भय्याजी. बाई संग आहे तुमच्या.”

“म्हूनच बोलून राहिलो,” भय्याजी म्हणाले आणि बायकोकडे वळले. “हा चिंधू. वरठीच्या बारमधी असते. मी जातो तिथं. आपला निकेशही जाते.”

“मले मालूम आहे,” शकुनबाई म्हणाल्या. “दोघाईच्या शर्टाले एकच वास येते.” मग त्यांनी चिंधूला नीट न्याहाळलं. “माह्या घरचे दोघं तुमीच सांभाळले म्हना इतके वर्षं. कधी भांडन नाई, तमाशा नाई. एक दिवस घरी जेवाले या.”

चिंधूनं हात जोडले. डोळे भरून आले आणि ते कुठे लपवावे हे त्याला कळेना. मोहाडीत त्याला असं बोलावणं कधी आलंच नव्हतं, त्यामुळे काय म्हणायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

सुमनबाईनं पिशवी खाली ठेवली, पदर सावरला आणि ती पुढे झाली.

“येऊ ना, बाई,” ती म्हणाली. “दोघंही येऊ. कधी येऊ ते सांगा.”