मूर्ती गहाळ

सुमतीअक्का मूर्ती टेबलावर ठेवायच्या ती नेहमी तिची पाठ माझ्याकडे करून. पुढची बाजू अर्ध्या तासानं. पार्श्वनाथांच्या पाठीवरून चढलेल्या नागाची वेटोळी, सात फण्यांमागचे बारीक खवले वहीत उतरेपर्यंत त्या मूर्ती वळवायच्या नाहीत. मग म्हणायच्या, "तोंड सगळेच बघतात गं. ओतणाऱ्यानं साच्याचं मेण पाठीवरही तेवढंच कोरलंय, अल्वा? हो ना?"

त्या सरस्वतीपुरममधल्या निवृत्त ड्रॉइंग टीचर. त्यांच्याकडे पूजेत नसलेल्या पाच जुन्या जैन ब्राँझ मूर्ती होत्या आणि माझा कॉलेजचा प्रकल्प त्यांवरच होता. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे नापास होण्याची भीती जरा जास्तच. आणि अक्का सरळ उत्तर देतील तर शपथ! काहीही विचारा, "नोडु." म्हणजे कानडीत 'बघ'.

पाचवी मूर्ती म्हणजे एक उभा पत्रा. वर तीन छत्रं, खाली पीठ आणि मधे माणसाच्या आकाराचं नुसतं भोक. मी वहीत लिहिलं, 'मूर्ती गहाळ'.

"गहाळ? अय्यो! पोलिसांत देऊया का? शिंप्यांची मुलगी ना गं तू?"

"मग काय लिहू, अक्का? चार दिवसांत द्यायचंय."

"नोडु."

मी वही आपटून निघाले. बसमध्ये रडू आलं. अग्रहारात घरी पोचले तर आई ब्लाउज बेतत होती. कात्री फिरली, गोल तुकडा खाली पडला.

"गळा नीट आलाय का बघ गं."

मी तुकडा उचलला.

"ती चिंधी! गळा हा इथे." तिचं बोट भोकावर होतं.

मोक्षाला गेलेल्या सिद्धाला शरीर नसतं, हे मी पुस्तकात वाचलंही होतं. दुसऱ्या दिवशी धावत जाऊन सांगितलं, "अक्का, गहाळ नाही. ते भोक हाच सिद्ध."

"कुणी सांगितलं?"

"आईनं."

अक्का पहिल्यांदाच खळखळून हसल्या. पण कॉलेजच्या छापील तक्त्यात 'मूर्ती आहे' आणि 'मूर्ती नाही' एवढे दोनच रकाने. खूण कुठे करू, विचारलं तर पुन्हा "नोडु"! मी चिडून दोन्हींत केली. गुण कापले गेले.

यंदा अक्का गेल्या. सामान आवरताना त्यांच्या मुलानं तो पत्रा माझ्यापुढे धरला. "यादी तूच केली होतीस ना? यातली मूर्ती कुठे गेली?"

एक वाक्य पुरलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. मी पत्रा घेतला, त्याची पाठ त्यांच्याकडे करून टेबलावर ठेवला.

"नोडी," म्हटलं. म्हणजे बघा.

ते वैतागले.