बाबांच्या वावरातला गहू

भूतखेत, आत्मा... या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी. म्हणजे, होते. घरात बोलायला कुणी उरलं नाही म्हणून लिहितेय.

नागपूरला नंदनवनमध्ये बाबा आणि मी राहायचो. आई आधीच गेली. बाबा मूळचे उमरेडचे, हातमागावर लुगडी विणणारे. लकव्यानं त्यांची डावी बाजू गेली. उजवा हात तरी चालता राहावा म्हणून डॉक्टर म्हणाले, काहीतरी खेळायला द्या. मी माझ्या कॉम्प्युटरवरचा एक गेम दिला. त्यात जंगलात जगायचं, विचित्र प्राणी पकडायचे आणि त्यांना आपल्या तळावर कामाला लावायचं. माऊस बाबांकडे, कीबोर्ड माझ्याकडे. एकट्यानं त्यांना त्यात पाऊलही टाकता यायचं नाही.

बाबांना लढाईत रस नव्हता. "मले वावर कराचं आहे वं," म्हणायचे. बेरीचं बी लवकर सापडलं. एक वाफा केला; एक प्राणी पेरायचा, दुसरा पाणी द्यायचा. बाबा खूश! पण गव्हाचं बी काही मिळेना. ते फिरत्या व्यापाऱ्याकडे मिळतं, आणि तो आम्हाला कधी भेटलाच नाही.

"काहून नाही भेटून राहिला तो?"

"भेटेल बाबा. उद्या परत शोधू."

"उद्या नक्की हं."

त्याच रात्री ताप चढला... न्यूमोनिया. ऑक्सिजनची मशीन लावायला मी कॉम्प्युटरचा प्लग काढला. मग दवाखाना. मग बाबा गेले.

तेरवी झाली, दादा पुण्याला परतला. त्या दुपारी घर अगदी खायला उठलं, म्हणून कॉम्प्युटर लावायला गेले. प्लग तसाच खाली पडलेला, वायरवर धूळ. गेम उघडला.

तळामागच्या मोकळ्या माळावर गहू उभा होता. पिवळाधम्मक. मधे गहू, दोन्ही बाजूंना बेरीचे वाफे — सरळ नाही, करवतीच्या दातांसारखे आत-बाहेर. करवतकाठी! बाबा लुगड्याला विणायचे तोच काठ. प्राणी शांतपणे पाणी देत होते. शेवटच्या सेव्हची तारीख, बाबांना घाटावर नेलं त्या दिवसाची.

दादाला फोन लावला. "बाबांना नेलं त्या दिवशी तू गेम खेळला होता का रे?"

"वेडी झाली का वं? मी घाटावर होतो. अन् ते मशीन तर बंदच होतं ना?"

बंदच होतं. त्या दिवशी मी त्याच खोलीत बसले होते, बायकांच्या घोळक्यात. समोर काळी स्क्रीन होती. ऑफिसमधल्या एका जाणकार मित्रानं सगळं तपासलं. ही फाइल फक्त याच मशीनवर आहे, बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही, म्हणाला.

त्यानंतर रोज दुपारी मी गेम लावून बसायचे. "बाबा? आहात का?" मोठ्यानं विचारायचे. माऊस त्यांच्या बाजूला सरकवून ठेवायचे. तो कधी हललाही नाही. प्राण्यांनी गहू कापला, पेटीत भरला, परत पेरला. कापला, परत पेरला...

आत्या म्हणते, "नशीबवान आहेस पोरी, बाप भेटून गेला." मला कुठे भेटले? मी त्याच खोलीत रडत होते, तेव्हा त्यांनी एकदा हाक मारली असती तर...

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. आता विचारतही नाही कुणाला. दुपारी गेम चालू करते, आवाज बंद करते आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहते.