पत्र्यावर टेकवलेला हात

पाच वर्षं मी एसटीला धक्का मारण्याचं नुसतं सोंग केलं. आमच्या गावी मुक्कामाला असलेली धुळ्याची गाडी थंडीत सकाळी सुरूच होत नसे. सगळे उतरत, मीही उतरे. पत्र्यावर हात टेकवे आणि इंजिन धडधडलं की पळत जाऊन खिडकीची जागा पकडे.

दुधाचे कॅन नेणारा एक माणूस मात्र टोपी खिशात घाली, तळहात चोळी आणि ओरडे, "बठ्ठा लागा रे भो!" म्हणजे सगळे हात लावा. गाडीत तो शेवटी चढे, म्हणून धुळ्यापर्यंत उभाच असे.

एकदा तापाने फणफणलेल्या माझ्या मुलीला धुळ्याच्या दवाखान्यात नेत होतो आणि गाडी अडली. मी उठू लागलो, तर तो म्हणाला, "तुम्ही बसा भाऊ, पोरले धरा." त्या दिवशी ढकलायला चारच माणसं होती. तरी गाडी निघाली. चढल्यावर त्याने धापा टाकत आधी मुलीच्या कपाळाला हात लावून पाहिला. तिला वेळेत दवाखाना मिळाला, तो त्याच्यामुळे.

पुढच्या आठवड्यात मी त्याच्या शेजारी उभं राहून खरोखर जोर लावला. मग विचारलं, "इतकी वर्षं मी ढकलत नव्हतो, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"ज्याना जोर लागस, त्याले कळस ना भो."

"मग तुम्ही तरी का ढकलत राहिलात?"

"माले भी धुळ्याले जानं पडस ना!"

त्या दिवशी मलाही जागा मिळाली नाही. दांडा धरून त्याच्याजवळ उभा असताना मी म्हणालो, "भाऊ, चुकलं माझं. माफ करा."