उलटी जोडी

रघुजींचा उजवा डोळा दिवाळीनंतर आतून विझला. बाहेरून तो पूर्वीसारखाच दिसे. चिकपेटेतल्या घरात त्यांनी ओतलेली कॉफी लोट्याबाहेर सांडू लागली, तेव्हा फक्त सकवारबाईला, त्यांच्या बायकोला, ते कळलं.

साल १९६३. बंगळुरातल्या नकाशांच्या कचेरीत रघुजी विमानातून घेतलेले फोटो वाचत. एकाच जमिनीचे दोन फोटो, जरा वेगळ्या जागांवरून काढलेले. दोन भिंगांच्या यंत्राखाली डावा फोटो डाव्या डोळ्याला दिसतो, उजवा उजव्याला. मेंदू दोन्ही एक करतो आणि सपाट कागदातून टेकडी उभी राहते. एका डोळ्याला मात्र कागद कागदच. रघुजी सावल्यांवरून उंच-सखल ओळखून काम रेटत होते. कुणाला कळलं, तर हे टेबल जाणार होतं.

त्या सकाळी सेक्शनचा प्रमुख गुंडो एक जोडी स्वतः यंत्राखाली मांडून उभा राहिला. बेळगावकडचा, त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"अण्णा, स्वल्प बघा. मधोमध काय आहे?"

"माझी परीक्षा घेतोस होय रे?"

"घेतो की. तुम्ही मला कमी छळलंय?"

रघुजी वाकले. दोन्ही डोळे उघडे ठेवले. मानेवरून घाम ओघळला. सूर्याकडची कड काळी होती, सावली आत पडलेली.

"खड्डा. होसकोट्याकडची दगडाची खाण दिसते."

गुंडो टेबलाच्या कडेला टेकला.

"चुकलं?"

"खाणच आहे." त्याचा आवाज खाली आला. "पण मी फोटो उलटे लावलेत अण्णा, डावा उजवीकडे. नवा माणूस करतो तीच चूक, मुद्दाम केली. असे लावले की दोन डोळ्यांना खड्ड्याची टेकडी दिसते. मला दिसली. तुम्हाला का नाही दिसली?"

रघुजींनी भिंगावरून डोकं उचललं नाही.

"कुठला डोळा?"

"उजवा."

"कधीपासून?"

"दिवाळीनंतर."

"सरी, ठीक आहे. उद्यापासून शाईच्या टेबलावर बसा, नकाशे गिरवायला. कुणी विचारलं तर मी बघून घेईन."

रघुजी उठले. कपाटातून त्यांनी दिवाळीनंतर केलेले नकाशे काढले आणि त्याच्यापुढे ठेवले.

"हे सगळे परत तपासायला दे."

"मग कारण द्यावं लागेल, अण्णा. वरपर्यंत जाईल."

"यातल्या एकावर धरणाची जागा आहे," रघुजी म्हणाले. "कारण दे."